विरजणाची वाटी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मांजरं बोलायची आणि माणसं ऐकून घ्यायची. आता माणसंच थांबत नाहीत, मांजरं बिचारी कधी बोलणार!

डोंगराखाली एक गाव होतं. त्या गावात साळू लग्न होऊन आली. नवरा बैलांवर धान्य लादून घाटाखाली जायचा आणि मीठ घेऊन यायचा. गेला की महिना महिना पत्ता नाही. सासू नाही, सासरा नाही. घरात साळू आणि एक पिवळी मांजर.

सासरी पाठवताना आईनं साळूच्या कानात सांगितलं होतं, "पोरी, कुणापुढं हात पसरू नको. देत जा, गाव तुझं होईल."

साळू देत सुटली. आज हिला खीर, उद्या तिला घारगे. त्या गावची रीत अशी, की शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. मग कुणी वाटीत चार मिरच्या घालून आणायची, कुणी मूठभर दाणे. साळू गोड हसून म्हणायची, "नको हो, आमच्याकडं आहे सगळं." मिरच्या परत, दाणे परत.

हसू नका. तुमच्यातही आहे एक अशी. नाव घेत नाही, पण तिनं आत्ताच पदर सारखा केला.

सगळ्यात जास्त लागलं ते शेजारच्या धुरपा आत्याला. तिनं दारच्या शेवग्याच्या शेंगा नेल्या होत्या, कोवळ्या, निवडून. त्याही परत आल्या. "ही मोठी राणी, आणि आम्ही काय भिकारणी?" आत्या म्हणाली. हळूहळू बायका साळूच्या दारावरून मान वळवून जायला लागल्या.

अशात साळूला दिवस गेले. नववा महिना लागला आणि नवरा नेमका घाटाखाली.

"कळा सुरू झाल्या तर हाक कुणाला मारू?" तिनं मांजरीला विचारलं.

"एवढं दिलंस गावाला. मार कुणालाही."

"कुणी येईलसं वाटत नाही गं."

"मी बघ," मांजर म्हणाली, "कुणाला कधी उंदराची शेपटीसुद्धा दिली नाही. दारोदार मागून खाते. पण एक दिवस दिसले नाही, तर घराघरात विचारतात, मांजर कुठं गेली?"

साळूला पटलं नाही. मग मांजरीनं वाद घातला नाही. शिंक्यावर उडी मारली आणि दह्याचं मडकं खाली पाडलं. मडक्याच्या खापऱ्या झाल्या, दही जमिनीनं पिऊन टाकलं.

साळूला तर ताकाशिवाय घास उतरत नव्हता. तिनं दुधात चिंच घातली, दूध फाटलं. दुसऱ्या दिवशी लिंबू पिळलं, तेही फाटलं.

"विरजण मागून आण," मांजर म्हणाली.

"आईनं सांगितलंय, हात पसरू नको."

"आईचा हात इथवर पोचणार आहे का, बाळंतपणाला?"

साळू रडली. मग डोळे पुसले आणि वाटी घेऊन धुरपा आत्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"या राणीसाहेब! आज काय वाटायला आणलंय?"

"आत्या, चमचाभर विरजण द्याल का?"

आत्या बघतच राहिली. मग गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं ए बायांनो! साळूकडं विरजण नाही!"

साळू लाजेनं अर्धी झाली. पण दारोदारच्या बाया धावत आल्या, हातात आपापली वाटी.

"आत्याचं नको घेऊ गं, आंबट ढाण असतं!"

"माझं आंबट? तुझ्या दह्यात तर म्हैस पोहेल!"

भांडत भांडतच सगळ्या साळूच्या घरात शिरल्या. तेवढ्यात आत्याचं लक्ष साळूच्या पायांकडं गेलं.

"पाय केवढे सुजलेत! आणि एकटी राहतेस? हाक मारायला काय झालं होतं?"

"तुम्ही याल असं वाटलं नाही."

"कशाला येऊ? तुझ्याकडं तर सगळं होतं ना!" आत्या म्हणाली, आणि तेल गरम करायला चुलीपाशी बसली.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी कळा सुरू झाल्या. साळूनं कुडापलीकडं हाक मारली. आत्या तव्यावर भाकरी तशीच टाकून धावली. पोर आडवं आलं होतं. एकटी असती तर साळू वाचली नसती. बायांनी मिळून तिला सोडवलं. मुलगी झाली.

भाकरी करपली ती करपलीच. आत्या ते पुढं जन्मभर ऐकवत राहिली.

त्यानंतर ती वाटी इतक्या घरांतून फिरली, की मुळात कुणाची ते कुणालाच आठवेना.

साळू मांजरीपुढं रोज करवंटीभर ताक ठेवायची. मांजरीला ताक मुळीच आवडत नव्हतं. तरी ती चाटून घ्यायची. साळूला बरं वाटायचं ना.

म्हणून सांगते, नुसतं देत राहिलात तर लोक नमस्कार करतील, पण त्यांनी आपलं म्हणावं असं वाटत असेल तर कधीतरी त्यांच्या दारात वाटी घेऊन जा.