अभ्रकाची चिठ्ठी

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. पाऊस पडेल असंही नाही, ऊन पडेल असंही नाही. भिंतींना चिकटवून वाळत घातलेले कागद कालपासून ओलेच होते. समोरच्या डोंगराचा माथा तर कुणी पुसून टाकावा तसा दिसेनासा झाला होता.

"आज तरी सांगा चाचा. मोहर उठवू की नको?"

विचारणारा हेरंब. शहरात चित्रकला शिकलेला, हाताने शुभेच्छापत्रं आणि भेटीवर बांधायच्या चिठ्ठ्या करून विकणारा. अभ्रकाचा चमकता कागद शिकायचा म्हणून तो या कागद करणाऱ्यांच्या वस्तीत येऊन राहिला, त्याला अकरा महिने झाले होते. उद्या सकाळच्या गाडीने तो परत जाणार होता.

ज्यांना विचारलं ते दाऊदचाचा. त्यांच्या घरची रीत अशी, की कागदाच्या कोपऱ्यात करणाऱ्याने आपल्या नावाची मोहर उठवायची, पण उस्तादाने हो म्हटल्यावरच. हेरंबने आपली मोहर तिसऱ्याच महिन्यात कोरून आणली होती. पितळेची. तेव्हापासून ती ट्रंकेत पडून होती. चाचांना हे ठाऊक होतं... बोलले मात्र कधी नव्हते.

हेरंबने आपला कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"खळ तीनदा लावली," तो म्हणाला. "वर अभ्रक टाकलं, कागद उभा धरला, टिचक्या मारल्या. एक कण खाली पडला नाही."

"एकही?"

"एकही नाही."

चाचांच्या स्वतःच्या कागदावरून निम्मं अभ्रक टिचकीसरशी खाली यायचं. ते गोळा करून ते पुन्हा डब्यात भरायचे. पहिले काही दिवस हेरंबला त्याचं हसू यायचं.

"जरा ऊन पडेपर्यंत थांबू या का? मळभात याची खरी चमक कळणार नाही."

"उन्हात तेलाचा डबाही चमकतो, बेटा."

"बरं, मग असाच बघा."

"मी नाही बघणार. गयाबाई बघेल."

गयाबाई म्हणजे हेरंबच्या खोलीला लागून राहणारी म्हातारी. गोधड्या शिवायची. चौथीपर्यंत शाळा शिकली होती, अक्षराखाली बोट धरून वाचायची.

"चाचा, तिला कागदातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग?"

"म्हणून तर."

त्यांनी हेरंबच्या कागदाचा वीतभर तुकडा कापला, मधोमध दुमडला आणि बोरू पुढे सरकवला.

"लिही तिला काहीतरी. देऊन ये."

हेरंबने लिहायला घेतलं. शाई अभ्रकावर थांबेना, थेंब थेंब होऊन घसरायला लागली. त्याने दोनदा गिरवून, वळणदार अक्षरात लिहिलं : सप्रेम भेट.

गेला तसा तो पाच मिनिटांत परत आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"हात पुसून घेतला तिने आधी, मग धरला. म्हणाली, अगं बया, मासोळीच की ही! उलटा करून बघितला, तिरपा करून बघितला. आरशाच्या मागे खोचून ठेवलाय. ऊन पडलं की पुन्हा बघणार म्हणे."

"छान."

"मग उठवू मोहर?"

"काय लिहिलंय ते तिने वाचलं?"

हेरंब थांबला. आठवून पाहिलं.

"नाही... वाचलं नाही."

चाचांनी बोरू पुसून बाजूला ठेवला.

हेरंबचा आवाज चढला. "नुसतं लिहिलेलंच वाचायचं असेल तर अभ्रक घालायचंच कशाला, चाचा? कोरा कागद द्यावा. अकरा महिने तुम्ही मला चाळणी धरायला लावली ती कशासाठी?"

चाचांनी डब्यातलं चिमूटभर अभ्रक तळहातावर घेतलं. त्यावर फुंकर मारली. बरंचसं उडून गेलं. थोडं राहिलं ते हाताच्या रेघांमध्ये अडकून, बारीक बारीक चमकत.

हेरंब बघत राहिला. अंगठ्याच्या बुडाशी कागद घोटायच्या गुळगुळीत दगडाने पडलेला घट्टा. चुन्याच्या पाण्याने खाल्लेली नखं. एक बोट पुरतं सरळ न होणारं.

"काय बघतोस?"

"तुमचा हात."

"अकरा महिन्यांत आज बघितलास."

...

बऱ्याच वेळाने चाचा उठले. बसायच्या चटईखालून त्यांनी एक कागद काढला. कडा वाकड्या, आणि अभ्रक इथे दोन कण, तिथे चार.

"हा कुणाचा?"

हेरंबने ओळखला. ओळखून मान खाली घातली.

"माझाच. दुसऱ्या महिन्यातला. फसलेला. सवय नव्हती, टिचक्या जोरात बसल्या, सगळं झडून गेलं. मी तर हा परत लगदा करायला टाकून दिला होता."

"मी काढून घेतला."

"का?"

चाचांनी कागद कापला, दुमडला, पुढे ठेवला. "लिही."

"आता काय लिहू?"

"तिचं तुझ्याकडे काही राहिलंय का?"

हेरंब बोरू हातात घेऊन बसला. एकदा दाराकडे बघितलं. एकदा शाईकडे. वळणदार अक्षर काढावं तर असल्या कागदावर ते शोभलं नसतं. मग त्याने रोजच्या अक्षरात लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता त्याची गती वाढली. शाई कागदात मुरत गेली.

"ही पण गयाबाईला दे," चाचा म्हणाले. "आणि कागद कसा वाटला, एवढं विचार. ती म्हणेल तोच माझा निकाल. मला येऊन सांगायचीही गरज नाही."

"आणि ती नको म्हणाली तर?"

"तर मोहर वितळवून टाक. पितळ चांगलं आहे, कडीकोयंड्याच्या कामी येईल."

हेरंब उठला. खोलीवर जाऊन ट्रंकेतली मोहर काढून त्याने खिशात टाकली. का टाकली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गयाबाई उंबऱ्यात बसून गोधडीला टाके घालत होती. त्याला बघून हसली. "पुन्हा आलास व्हय? आता काय आनलं?"

त्याने चिठ्ठी पुढे केली. तिने सुई पदराला टोचून ठेवली. अंधारलेल्या दुपारी त्या कागदावरचा एक कण कुठूनसा उजेड घेऊन लुकलुकला, आणि तिने चिठ्ठी उघडली. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. ओठ हलायला लागले.

मावशी, भाद्रपदात मला ताप आला होता. तुम्ही नऊ दिवस पेज आणून भरवलीत. बरा झाल्यावर मी एका शब्दाने बोललो नाही. कामाला लागलो. उद्या मी जातो आहे.

बोट शेवटच्या शब्दाशी पोचलं. तिथून ते पुन्हा वर गेलं, आणि सगळं परत एकदा वाचून झालं.

हेरंब उभा होता. खिशातली मोहर त्याने मुठीत घट्ट धरली होती.

गोधडीवरची एक सुरकुती तिने हाताने सारखी केली. मग दुसरी.

शेवटी त्यालाच राहवेना.

"मावशी... कागद कसा वाटला?"

गयाबाईने मान वर केली. तो काय विचारतोय ते तिला कळलंच नसावं, अशी त्याच्याकडे बघत राहिली. मग चिठ्ठीतल्या त्या एका ओळीवर बोट आपटून म्हणाली,

"कसला कागद? आरं, नऊ दिस कुठले, तेरा दिस व्हता ताप! तुला मोजायची तरी शुद व्हती का, लेकरा?"