टिटवीची रेघ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. नदी मात्र अजून तिथेच वाहते म्हणतात.

ती नदी थोर होती. या काठावरून मारलेली हाक त्या काठाला पोचायच्या आत विरून जाई. उन्हाळ्यात तिच्या पोटातली कोसभर वाळू उघडी पडे आणि पावसाळ्यात तीच नदी झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढे. अशा नदीशी माणसाने वागावं कसं? त्या राज्याच्या पूर्वजांनी त्यावर एक रीत घालून दिली होती. नदीचं मन माणसाला कळत नाही, पाखरांना कळतं. म्हणून पाखरं पाहायला एक माणूस नेमायचा आणि तो सांगेल ते राजापासून रंकापर्यंत सगळ्यांनी ऐकायचं.

या गोष्टीच्या वेळी ते काम धुरपा नावाच्या बाईकडे होतं. पन्नाशीची, काटक, उन्हाने रापलेली. तिच्याआधी तिचा बाप हे काम करी. त्याने मरताना लेकीला एकच गोष्ट बजावली होती, "जे दिसलं ते सांगायचं. दिसावंसं वाटतं ते नाही."

धुरपाचं सगळं वर्ष काठावर जाई. दिवाळीच्या सुमाराला धोबी पक्षी शेपटी हलवत वाळूवर उतरले, की थंडी आली असं ती गावाला सांगे. मग एका सकाळी उत्तरेच्या आभाळात बाणाच्या टोकासारखी रांग दिसे. पट्टकादंब हंस यायचे, बर्फाचे डोंगर ओलांडून. धुरपाने हे तीस वर्षं पाहिलं होतं, तरी दर वर्षी ती रांग दिसली की तिच्या हातातली काठी आपोआप खाली टेकायची. एवढ्या लांबून, वाट दाखवणारं कुणी नसताना, त्यांना हीच वाळू कशी सापडते? तिला उत्तर कधी मिळालं नाही. मिळावं असंही तिला फारसं वाटत नसे.

हिवाळाभर चक्रवाकांच्या जोड्या पाण्यावर तांबूस उजेडासारख्या तरंगत. उन्हं तापली की हंस निघून जात आणि सुरय पाखरं वाळूच्या बेटांवर पिल्लं वाढवत. ज्येष्ठात चातक आला की आभाळ भरायला सुरुवात होई.

पण या सगळ्यांत मान होता टिटवीचा. हे काही देखणं पाखरू नव्हे. लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल चामडी आणि कानठळ्या बसवणारा आवाज. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे बाजूला सारते आणि मातीच्या रंगाची चार अंडी घालते. ज्या वर्षी ती पात्रात अंडी घाली, त्या वर्षी पाऊस बेताचा पडे. काठाच्या वर घाली, तेव्हा पूर काठावर चढे. म्हणून अक्षय्यतृतीयेच्या आत धुरपा काठाकाठाने हिंडून सगळ्यांत खालची अंडी शोधी. मग चुन्याचं मडकं घेऊन त्याच उंचीने दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर पांढरी रेघ मारत जाई. मृग लागला की त्या रेघेखाली कुणी चूल पेटवायची नाही, असा दंडक होता. पुरात माणूस गेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

त्या वर्षी राजाने नदीकाठी नवा महाल बांधला. गवाक्षात बसून पाण्यात पाय सोडता यावेत अशी त्याची हौस. आषाढात आजूबाजूचे राजे भरली नदी पाहायला त्या महालात यायचे होते. महालाशेजारच्या सपाटीवर भोयांच्या तीनशे झोपड्या होत्या. ते नावा हाकत, मासे धरत, आणि आता महालाची पडेल ती कामंही करत.

त्या वर्षी धुरपाला टिटवीची अंडी सापडेनात. आठ दिवस ती हिंडली. वाळूत नाहीत, काठावर नाहीत, मळ्यांच्या बांधांवर नाहीत. नवव्या दिवशी ती टेकडी चढली आणि टेकडीच्या खांद्यावर, मुरमाड माळावर, तिला पहिली चार अंडी दिसली. तिथे उभं राहून तिने खाली पाहिलं. महालाचं छप्पर तिच्या पायांच्या खाली होतं. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दिवसभर ती तिथेच बसून राहिली, उद्या दरबारात काय होईल याचा विचार करत. संध्याकाळी मडकं उचलून ती उठली.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात राजाने विचारलं, "बोला धुरपाबाई, यंदा रेघ कुठे?"

"टेकडीच्या खांद्यावर, महाराज."

"म्हणजे आमच्या महालाच्या..."

"छपराच्या वरून."

प्रधान हलकंच हसला. "पाखरूच ते. एखाद्या वर्षी चुकायचं."

"ते चुकलं असेल. पाखराची हमी मी देत नाही," धुरपा म्हणाली. "अंडी कुठे आहेत एवढं सांगायचं माझं काम. ती तिथे आहेत."

राजाचा चेहरा पडला. पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. तेव्हा प्रधान पुढे झाला. "महाराज, रीत काय सांगते? अंडी जिथे, रेघ तिथे. मग अंडीच खाली आणू. महालाच्या शेवटच्या पायरीशी ठेवू. रीतही मोडत नाही आणि महालही रिकामा करावा लागत नाही."

त्या दरबारात ज्योतिषी होते, पंडित होते, चार पिढ्यांचे मानकरी होते. एकालाही हसू आलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्रधानाच्या बुद्धीची वाखाणणी केली. शहाणी माणसं एका छताखाली जमून मूर्खपणावर एकमत करतात, तेव्हा त्याला केवढा थाट येतो ते पाहायला धुरपासारख्या बाईलाच तिथे उभं राहावं लागलं.

अंडी चांदीच्या ताटातून वाजतगाजत खाली आली. पायरीशी वाळूत ठेवली गेली आणि त्यांच्यावर दोन पहारेकरी बसले. धुरपाकडून चुन्याचं मडकं काढून घेतलं. रेघ महालाच्या चिताऱ्याने मारली. धुरपाच्या रेघेपेक्षा ती कितीतरी सरळ आणि सुबक होती.

धुरपा भोयांच्या वस्तीत गेली. त्यांच्या म्होरक्याला सगळे तांडेल म्हणत. तो जाळं विणत बसला होता.

"तांडेल, झोपड्या वर हलवा."

"का बरं अक्का? रेघ तर खालीच आहे यंदा. बरंच झालं. दर साली खांब उपटून वर न्यायचे, कंबरडं मोडतं माणसाचं."

"ती रेघ मी मारलेली नाही."

"चुना तर तोच दिसतो."

"चुना तोच आहे. हात दुसऱ्याचा आहे."

तांडेलाची बायको चुलीपुढून म्हणाली, "मडकं गेलं म्हणून अक्काच्या पोटात दुखतंय. सरकारी मान सुटायला जड जातो हो." बाया फिदीफिदी हसल्या.

धुरपा घरोघर फिरली. सगळीकडे तेच ऐकायला मिळालं. या लोकांचे आजे-पणजे रेघ पाळून वाचले होते, म्हणून यांचा रेघेवर विश्वास होता. रेघ कशावरून मारतात हे मात्र कुणी कधी पाहायला गेलं नव्हतं. धुरपाने तरी कुणाला कधी बोलावलं होतं? तीस वर्षं ती एकटीच पाहत आली होती. मृगाला महिना उरला होता आणि तीनशे चुली त्या सपाटीवर धूर सोडत होत्या.

काही दिवसांनी ती पुन्हा टेकडी चढली. आणि थबकली. अंडी हरवलेल्या टिटवीने नवी अंडी घातली होती. पहिल्या जागेहून वीस पावलं आणखी वर.

धुरपा त्याच पावली वस्तीत आली. "तांडेल, मी सांगते ते ऐकू नका. एक दिवस माझ्याबरोबर चला आणि नुसतं बघा. मग मला वेडी म्हणा आणि सोडून द्या."

दुसऱ्या दिवशी तांडेल आला, त्याची बायको आली, आणखी दहा-बारा माणसं गंमत बघायला भाकऱ्या बांधून आली. धुरपाने त्यांना एका करवंदीच्या जाळीमागे बसवलं.

ऊन चढलं. मुरूम असा तापला की हात टेकवेना. टिटवी अंड्यांवर बसली नव्हती. ती पाय ताठ करून उभी होती आणि आपल्या सावलीत तिने अंडी धरली होती. थोड्या वेळाने नर आला, त्याने तिची जागा घेतली आणि ती उडाली. सगळ्यांच्या माना तिच्यामागे फिरल्या. ती टेकडी उतरून, मळे ओलांडून, महालावरून थेट नदीवर गेली. उथळ पाण्यात पोट बुडेपर्यंत बसली. मग उडाली, तेवढंच अंतर कापून परत आली आणि ओथंबलेल्या पोटाने अंड्यांवर बसली. अंडी काळपट ओली झाली. ती वाळतात न वाळतात तोच नर उठला आणि नदीकडे गेला.

"हे पाणी आणतायत," तांडेल पुटपुटला. "पिसांतून."

भाकऱ्या सुटल्याच नाहीत. तांडेलाची बायको दर खेपेला एक खडा बाजूला ठेवत होती. ऊन कलेपर्यंत बावन्न खडे झाले. बावन्न वेळा ती दोन पाखरं आगीसारख्या माळावरून नदीला गेली आणि घोटभर पाणी अंगावर घेऊन आली. नदीवर आयुष्य काढलेली ती माणसं होती. रोज डोक्यावरून जाणाऱ्या पाखरांकडे त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी तांडेलाची बायकोच बोलली. "खाली वाळूत अंडी घातली असती, तर पाणी चार पावलांवर होतं."

"होय," धुरपा म्हणाली.

"मग एवढा जीव कोण उगाच आटवील? तिला ठाऊक आहे काहीतरी." ती उठली, पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, "बसलात काय? खांब उपटायला माणसं लागतील."

चार दिवसांत तीनशे झोपड्या टेकडीच्या वर गेल्या. प्रधानाने दम दिला. भोयांनी ऐकून घेतलं आणि खांब ठोकत राहिले.

धुरपा महालाच्या पायरीशीही गेली. तिथे सोनजी नावाचा तरणा पहारेकरी भाला टेकून उभा होता.

"सोनजी, तूही चल वर. जोडीदाराला घे."

"हुकूम आहे मावशी. अंडी सोडून हलायचं नाही."

"अरे, ती केव्हाच वाळली."

"ते काय मला दिसत नाही? रोज सांजेला वर्दी देतो, चारही ठीक आहेत म्हणून." तो ओशाळून हसला. "खरं सांगितलं तर नोकरी जाईल. आणि पाणी दिसलं की पळूच ना आम्ही."

आषाढ आला. पाहुणे राजे आले. महालात गाणी झाली, मेजवान्या झाल्या. पूर आला त्या दिवशी तर आभाळही निरभ्र होतं. पाऊस पडला होता तो वर, दूर डोंगरांत, तीन दिवस. उन्हं वर आली तेव्हा आधी आवाज आला, शंभर गाड्या एकदम पुलावरून जाव्यात तसा. मग नदी वळणावरून आली ती उभीच आली. टेकडीवरच्या माणसांनी पाहिलं, अख्खी झाडं फुलं-पानांसकट सरळ उभी वाहत चालली होती. पळायला वेळ नव्हता. महालाच्या पायऱ्या गेल्या, गवाक्षं गेली, गच्चीवर चढलेली माणसं हात उंचावू लागली.

भोयांनी नावा सोडल्या. जिवावर उदार होऊन त्यांनी राजाला आणलं, राण्यांना आणलं, पाहुण्यांना आणलं, प्रधानालाही आणलं. सोनजी आणि त्याचा जोडीदार सापडले नाहीत.

पाणी चढतच राहिलं. छप्पर बुडालं, कळस बुडाला, पहिल्या अंड्यांची रिकामी जागा बुडाली. आणि टिटवीच्या दुसऱ्या जागेच्या सहा पावलं अलीकडे, हळूच, एखाद्या माणसाने उंबऱ्याशी थांबावं तसं पाणी थांबलं. टिटवीची चार पिल्लं, वाटीएवढी, त्या पाण्याच्या कडेने किडे टिपत धावत होती. ओल्या कपड्यांतले राजे आणि उघडी भोयांची पोरं, सगळी ते बघत उभी राहिली.

राजा म्हणाला, "आम्हांला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं होतं, महाराज," धुरपा म्हणाली. "भर दरबारात."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान नदीकडे पाहत होता.

"दोन माणसं गेली तुमच्या पायरीवरून," धुरपा पुढे म्हणाली. "त्यांची नावं ठाऊक आहेत?"

राजाला ठाऊक नव्हती. प्रधानालाही नव्हती. ज्या वाळलेल्या अंड्यांसाठी ती माणसं उभी केली होती, त्यांची संख्या मात्र दरबारात रोज वाचली जात होती.

राजाने मान खाली घातली आणि एका भोयाने पुढे होऊन ती नावं सांगितली, तेव्हा ती त्याने मुकाट्याने ऐकून घेतली. प्रधानाचं पद त्याच दिवशी गेलं. महाल पुन्हा बांधला नाही. पूर जिथे थांबला तिथे एक दगड उभा राहिला आणि त्यावर सोनजीचं आणि त्याच्या जोडीदाराचं नाव कोरलं गेलं. रेघ मारायचं काम धुरपाकडे परत आलं, पण तिने अट घातली. रेघ मारण्याआधी सगळ्यांनी यायचं आणि आपल्या डोळ्यांनी पाहायचं. पुढच्या वैशाखात गावाबरोबर राजाही अनवाणी वाळूत उतरला, आणि भर दुपारी, डोक्यावर छत्र न घेता, एका टिटवीच्या खेपा मोजत बसला.

खूण हलवली म्हणून संकट हलत नाही, आणि खोट्या खुणेपाशी पहाऱ्याला उभी केलेली माणसंच आधी बुडतात.