करंजाखालची मूठभर माती

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं मावशीने मला बजावलं होतं. लोक अर्धंच ऐकतात आणि तेवढंच करतात, असं तिचं म्हणणं. तरी सांगते. पण पूर्ण ऐका.

एका मुरमाड माळाच्या पायथ्याशी दोन जावा करंजाची रोपं वाढवत. अख्ख्या माळावर झाड असं एकच, एक म्हातारा करंज. माळ हिरवा करायचा तर रोपं जगायला हवी होती. थोरलीची तरारून वर येत. धाकटीची मात्र पिवळी पडून मरत.

"जाऊबाई, बी तेच, पाणी तेच. तुम्ही काय मंत्र घालता की काय?" धाकटीने विचारलं.

थोरली हसली. "मंत्र कसला! त्या करंजाखालची मूठभर माती आणते. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, मुळांना जेवू घालणारे. ती शेणखतात कालवायची, गूळपाणी शिंपडून सावलीत ठेवायची. जीव आपोआप वाढतात. दुधाला विरजण लावतो ना, तसं."

धाकटीला वाटलं, मुठीत एवढं, तर पाटीत किती! बाजाराच्या दिवशी माळावर कुणी नव्हतं. तिने करंजाखाली कुदळ चालवली आणि पाट्यांवर पाट्या माती नेली. शेणखत कालवायचा कंटाळा केला. नुसती मातीच पिशव्यांत भरली.

पाणी पडताच ती माती विटेसारखी घट्ट बसली. रोपांनी माना टाकल्या.

त्यातच वादळ सुटलं. माळावरून केवढा तरी आवाज आला, तशा दोघी धावल्या.

करंज आडवा झाला होता. मुळं उघडी, आभाळाकडे वळलेली. घरट्यातली पिल्लं मुरमात पडली होती, एक अजून चोच उघडत होतं.

थोरलीचा हात तोंडावरच राहिला. "कुणी गं... कुणी पोखरलं याला?"

"मीच," धाकटी कशीबशी म्हणाली. "मला वाटलं, जास्त नेली तर..."

थोरली खाली बसून पिल्लं ओच्यात घेऊ लागली. रागावली असती तरी बरं झालं असतं.

"आता विरजण कुठून आणायचं, जाऊबाई?"

थोरली तिला, करंजाखालची माती कालवलेल्या आपल्या खताच्या ढिगापाशी घेऊन गेली. धाकटीने सवयीने पाटी उचलली.

"पाटी ठेव," थोरली म्हणाली. "मूठ पुढे कर."

तात्पर्य: विरजण मागावं, भांडंच उचलून नेऊ नये. कारण भांडंच गेलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला... आले, मावशी! नाही गं, कुणालाच नाही सांगितलं, मी तर नुसती...