खेकड्यांचं युग

दगडांना वय विचारायची खोड माणसांना नुकतीच लागली होती, तेव्हाची गोष्ट. शास्त्रज्ञांनी नदीकाठच्या कड्यावर थराथरांमध्ये खडूच्या रेघा मारल्या. नांग्या खेकडा, मिशा नसताना मिशांना पीळ देत, कड्यातल्या दगड झालेल्या शंखाकडे गेला.

"आजोबा, या रेघा कसल्या?"

"युगांच्या. या रेघेच्या वर आमच्यातलं कुणी सापडत नाही, म्हणून खालचं युग आमचं."

"मग खेकड्यांचंही युग हवं. आमची रेघ कधी मारणार?"

"तुमच्यातला शेवटचा गेला की लगेच. घाई आहे का रे?"

नांग्या हसला, पण एकटाच. त्यानं बिळाबिळांत तोंड घालून भाऊबंदांना हाका मारल्या. कुठूनच उत्तर आलं नाही. पायांभोवतीचा गाळ गार पडून घट्ट आवळत चालला होता.

कड्याच्या आतून शंख कुजबुजले, "सरका रे जरा, पाहुण्याला जागा करा."