उशिराचं आमेन

नथानेलबाबांची पावलं फिरत फिरत एकदा बोरतळ्याला लागली. अंगात पांढरी कफनी, खांद्याला एकतारी आणि मुखी सदा प्रभू येशूचं नाव! गावच्या ख्रिस्ती मंडळीने त्यांना रविवारच्या उपासनेला मोठ्या मानाने बोलावलं.

तिथलं चर्च दगडी, कौलारू, ऐसपैस. आणि चर्चचे पंच शमुवेलराव पगारे म्हणजे काय विचारता! पायाचा दगड त्यांच्या पणजोबांनी बसवलेला, म्हणून पहिला बाक त्यांचाच. प्रार्थना संपते न संपते तोच त्यांचं "आमेन!" असं गरजायचं की कौलांवरची कबुतरं उडायची. प्रार्थनेत काय मागितलं, हे मात्र त्यांना विचारू नये. प्रभू काय, आपल्या घरचाच. त्याचं एवढं कान देऊन काय ऐकायचं? पंचांचं पाहून बाकीच्यांनीही तीच सवय उचललेली.

नव्हती उचलली ती एकट्या तबीथाबाईने. चिंचा फोडून पोट भरणारी ही विधवा दाराशी बसायची. प्रार्थनेतला शब्द न् शब्द मनात घोळवायची आणि मगच आमेन म्हणायची. तोवर लोक चपला शोधायला लागलेले असायचे! मागून तिचं बारीक "आमेन" आलं की हशा पिकायचा.

"काय गं तबीथे," शमुवेलराव म्हणायचे, "प्रभूने काय तुझ्यासाठी ताटकळत बसायचं?"

"बसतो की तो," ती हसून म्हणायची.

त्या रविवारी शमुवेलरावांची नात सलोमी तापाने फणफणली होती. निघताना सून काकुळतीला आली. "मामा, आज महाराज आलेत. पोरीसाठी प्रार्थना करायला सांगा ना."

"सांगतो गं," ते म्हणाले. पण चारचौघांत, पंचाने उठून आपलं रडगाणं गायचं? त्यांच्या जिवावर आलं.

भजन झालं. बाबांनी प्रेमाने विचारलं, "लेकरांनो, कुणाला काही दुःख आहे? प्रभूजवळ काय मागू?"

शमुवेलराव उभे राहिले. "महाराज, देवदयेने आमच्या मंडळीत सगळं ठीक आहे. मागण्यासारखं काही नाही."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "हे प्रभू, या लेकरांचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तू इथून ऊठ आणि जिथे तुझी वाट पाहतात तिथे जा."

"आमेन!" शमुवेलराव गरजले. पाठोपाठ सगळी मंडळी गरजली, "आमेन!"

मग सवयीने सगळे गालातल्या गालात हसत तबीथाबाईच्या आमेनची वाट पाहू लागले. ते आलंच नाही. आला तो हुंदका.

"नाही हो महाराज! मी नाही म्हणायची आमेन! तो गेला तर मी संध्याकाळी बोलू कुणाशी?"

अरे देवा! आपण कशाला होकार दिला, हे तेव्हा कुठे मंडळींच्या ध्यानात आलं. शमुवेलराव लाल झाले. "महाराज, ही कसली थट्टा?"

"थट्टा नाही, पंच. मी मागितलं, तुम्ही आमेन म्हणालात, म्हणजे 'तसंच होवो'," बाबा शांतपणे म्हणाले.

इतक्यात शेजारचा माणूस धावत आला. सलोमी डोळे उघडेना, हाकेला ओ देईना! शमुवेलराव अनवाणीच घरी पळाले आणि खाटेशी गुडघे टेकून बसले. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना. पण एक शब्द ओठांवर येईना. कुणाला हाक मारू? मीच तर त्याला जा म्हणालो! मागोमाग बाबा आले, तसे ते त्यांच्याकडे वळले. "महाराज, तुम्ही तरी बोलवा त्याला."

"जिने त्याला जाऊ दिलं नाही, तिच्याकडे जा," बाबा म्हणाले.

तबीथाबाई चर्चच्या दाराशी अजून तशीच बसलेली होती. ज्यांनी जन्मभर तिला अगं-तुगं केलं, ते शमुवेलराव तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"तबीथाबाई, तो गेला का हो?"

"जातोय कुठे? मी पदर धरून बसलेय ना त्याचा. चला, लेकराकडे जाऊ."

खाटेशी बसून तिने सलोमीच्या कपाळावर हात ठेवला. "प्रभू, पोर तुझीच आहे. आजोबा चुकले, पण ते तुझेच आहेत. दोघांनाही उठव."

कुणी आमेन म्हणेना. जो तो शब्द मनात घोळवत राहिला. आजोबा चुकले, पण ते तुझेच आहेत. शमुवेलरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सगळ्यांच्या मागून, अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "आमेन."

आणि काय सांगावं त्या दयाळाची दया! पोरीने डोळे उघडले. "आजोबा, पाणी."

शमुवेलरावांनी तबीथाबाईच्या पायांवर डोकं टेकलं. तिने घाईने पाय ओढून घेतले. "अहो, माझ्या नव्हे, त्याच्या!"

"तो कधीच जात नाही रे," बाबा त्यांना उठवत म्हणाले. "आपणच त्याला बसायला सांगायचं विसरतो."

बोरतळ्याला आजही प्रार्थना संपली की सगळं चर्च गप्प होतं. परका माणूस बावचळून इकडेतिकडे पाहतो. मग एकेक आमेन येऊ लागतं. शमुवेलराव होते तोवर शेवटचं आमेन त्यांचं असायचं, दाराशी तबीथाबाईंच्या शेजारून, डोकं जमिनीला टेकवून म्हटलेलं.