नाळ कुठे पुरायची?

फार पूर्वीची, राजेरजवाड्यांच्या काळातली गोष्ट. एका डोंगरावर आदिवासींचा पाडा होता. तिथे बाळंतपण म्हणजे जिवावरचा खेळ. बाळं दगावत, कधी आयाही जात. राजाला वाईट वाटलं. त्याने डोंगराच्या पायथ्याशी बाळंतिणींसाठी छान घर बांधलं आणि आपला हुशार वैद्य तिथे धाडला.

वैद्य मनाने सोन्यासारखा. पण वर्ष सरलं तरी एक बाई पायरी चढेल तर शपथ! मग त्याने भिंतींवर पाड्याची चित्रं काढून घेतली, दारात ढोल टांगला. बाया लांबूनच बघून हसायच्या, "ढोलसुद्धा उलटा टांगलाय मेल्याने!"

अशात कळलं, पाड्यावरच्या एकीचे दिवस भरत आलेत. आधीची दोन्ही बाळं तिने गमावली होती. वैद्याला घास गोड लागेना. शेवटी तो धापा टाकत डोंगर चढला आणि म्हाताऱ्या सुईणीपुढे जाऊन बसला.

"आजी, माझं चुकतं कुठे?"

"बाबा, तुझ्याकडे बाईला उंच खाटेवर निजवणार म्हणे. आमची भुईवर बाळंत होते, शेकाजवळ. आणि नाळ तू फेकून देणार! आम्ही ती घरच्या अंगणात पुरतो. नाळ फेकली की पोर पोरकं होतं."

"बरं, तुम्ही म्हणाल तसं करतो."

सुईण हसली. "आज करशील, उद्या राजाला पटलं नाही की मोडशील. घर तुझं, मर्जी तुझी. आम्ही आपले पाहुणे!"

वैद्याने कमरेची किल्ली चाचपली. राजाच्या घराची ही किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची? राजा काय म्हणेल? पण त्या बाईची गेलेली दोन बाळं मनातून जाईनात. त्याने ती काढून सुईणीच्या हातात ठेवली.

"आजपासून कारभार दोघांचा. राजाशी मी बोलतो."

"मग मीही तुझं ऐकते. सांग."

"हात उकळलेल्या पाण्याने धुवायचे. आणि आत धूर नको."

"अगं बाई! धुराशिवाय कसला शेक?" बरीच घासाघीस झाली. अखेर निखारे बाहेर फुलवून मग आत आणायचं ठरलं.

ती बाई आली. भुईवर चटई, शेजारी निखारे, पाठीशी सुईण. आणि बाळ निघालं पायाळू! सुईण पाड्याची गाणी गात आईला धीर देत होती, वैद्य हलक्या हाताने बाळ सोडवत होता. कोणाच्या जिवात जीव नव्हता. तेवढ्यात इवल्या पोरीने असा टाहो फोडला की बाहेर बसलेला बाप आनंदाने रडायलाच लागला.

नाळ घेऊन तो पाड्याकडे निघाला. सुईणीने त्याला थांबवलं.

"कुठे निघालास? इथेच खण. हे अंगण आपलंच आहे."

पुढच्या बाळंतिणीला बोलवायला वैद्याला डोंगर चढावा लागला नाही.

तात्पर्य: ज्याचं भलं करायचं, त्याची रीत जपावी आणि त्याला कारभारात बरोबरीने बसवावं, तरच ते भलं अंगी लागतं.