सटवाच्या आडाचा दोर

मैदानावर जायच्या आधी या आडापाशी जरा बसा. बसा म्हणतो ना! खेळ कुठं पळून जात नाही.

फार वर्षांपूर्वी आपलं करडेगाव एका लहानशा संस्थानाची राजधानी होतं. राजधानी कसली, एक राजवाडा, एक बाजार आणि या माळावर नवंकोरं कॉलेज. राजेसाहेब एकदा मुंबईला गेले होते. तिथं त्यांनी गोऱ्या शिपायांना फुटबॉल खेळताना पाहिलं आणि येताना एक चेंडू घेऊन आले. कॉलेजच्या पोरांपुढं टाकून म्हणाले, "खेळा." तोवर आपल्या मुलखात चेंडू म्हणजे चिंध्यांचा. हा बघायला बायाबापड्यासुद्धा माळावर आल्या होत्या, असं म्हणतात.

पोरं धोतराचा काचा मारून, अनवाणी खेळायला लागली. पण चेंडू होता चामड्याचा, आणि पोरं जहागीरदारांची, देशमुखांची, भटजींची. पायानं मारलं तर चालायचं. पायताण तरी कशाचं असतं? पण हात लावला की आंघोळ. चेंडू हद्दीबाहेर गेला तरी पायानंच ढकलत आणायचे. गोलात तर कुणी उभंच राहीना. गोल राखणाऱ्यानं चेंडू हातानं धरायचा असतो, मग त्यानं दिवसभर काय आंघोळीच करत बसायचं? हसू नका. तेव्हा याला कुणी हसत नव्हतं.

मग प्राचार्य खासनीसांना सटवा आठवला.

सटवा म्हणजे भिवाचा मुलगा. भिवा गावकुसाबाहेर कातडी कमवायचा. राजेसाहेबांच्या हुकमानं पोराला कॉलेजात घेतलं होतं खरं, पण घेतलं म्हणजे काय, तर वर्गाच्या दाराबाहेर ओसरीवर बसवलं होतं. आत शिकवायचे, बाहेर हा ऐकायचा. पावसाची झड आत आली की पुस्तक पोटाशी धरून भिंतीला चिकटायचा.

प्राचार्यांनी विचारलं, "गोल राखशील का रे?"

"राखीन साहेब. पण मला आत बसायचंय."

प्राचार्यांनी ओसरीवरून आत, वर्गाकडं पाहिलं. मग म्हणाले, "यंदाच्या सामन्यांचा कप आण. कप आला की आत बाक देतो."

झालं. तेवढ्या शब्दावर ते पोरगं गोलात उभं राहिलं.

आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या तो तळहातांना गुंडाळायचा. त्या आख्ख्या हंगामात त्याच्या हातून चेंडू सुटला नाही, असं म्हणतात. नदीपलीकडचं कॉलेज हरलं. घाटावरचं हरलं. पलटणीतला एक गोरा असा चेंडू मारायचा की वाऱ्यानं जांभळीची पानं गळायची. त्याचा चेंडू सटवानं छातीशी असा धरला की जणू रडणारं मूल घेतलंय. आता पानं गळायची की नाही, मला काय ठाऊक? म्हणणारे म्हणतात. पण सामना जिंकला की बाकीचे दहाजण एकमेकांच्या गळ्यात पडायचे आणि सटवाला लांबून ओरडायचे, "शाब्बास रे गड्या!" हे मात्र अगदी खरं.

संघाचा कप्तान होता जहागीरदारांचा रघोजी. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यात कुणीच वाईट नव्हतं. मला राग येतो तो याच गोष्टीचा.

शेवटचा सामना इथंच, याच माळावर होता. समोर बंदरावरच्या कॉलेजचा संघ. उन्हाळ्याचे दिवस होते, गाव लोटलं होतं. भिवा माळाच्या कडेला, बाभळीखाली, त्याला नेमून दिलेल्या जागी उभा होता. करडेगाव एका गोलनं पुढं होतं आणि सूर्य खाली चालला होता. पंच गोरा होता, नियमाला पक्का. अंधाराआधी खेळ पुरा झाला नाही तर कप कुणालाच नाही, असं त्यानं आधीच बजावलं होतं.

तेवढ्यात आपल्याच एकानं घाबरून चेंडू असा उंच भिरकावला, की तो माळ ओलांडून थेट या आडात पडला.

चेंडू एकच, दुसरा आणायचा कुठून? आणि आड हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा. आता बघा काय झालं. चामड्याला हात लावायला संघातलं कुणी तयार नाही. जो हात लावतो, त्याला आडाची सावलीसुद्धा मना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि पंच घड्याळाकडं.

शेवटी रघोजीच म्हणाला, "सटवा, उतर. चामडं पडलंच आहे, आड तसाही बाटलाय."

सटवानं रहाटाच्या दोराकडं बोट केलं. "त्याला धरून उतरू?"

"तो नको. तो पाण्याचा आहे. तू उडी टाक. तबेल्यातून दुसरा दोर मागवतो, तोवर चेंडू वर फेक."

एका माणसाला तबेल्याकडं पिटाळलं. सटवानं आडात डोकावून बघितलं, मग कॉलेजच्या इमारतीकडं बघितलं आणि उडी टाकली.

भिजलेलं चामडं धोंड्यासारखं जड होतं. फेकलेला चेंडू खाली पडायचा, पोरगं पुन्हा फेकायचं. शेवटी एकदाचा तो काठावर आला. पोरांनी पायानं ढकलत मैदानात नेला. पंचानं शिट्टी मारली आणि खेळ सुरू झाला.

दोर आणायला गेलेला माणूस दोर घेऊन परतला, पण वाटेत मैदानाच्या कडेला थांबला. एवढं बघतो आणि जातो, असं म्हणाला असेल. आपणही तेच म्हणालो असतो.

गोल रिकामा होता. समोरचे धावून धावून मारत होते. आणि असं म्हणतात, की रिकाम्या गोलाच्या तोंडाशी चेंडू वळायचा. कुणीतरी तळहातानं बाजूला सारावा तसा वळायचा. रघोजी सवयीनं ओरडायचा, "सटवा, धर!" आणि चेंडू जागच्या जागी थांबायचा. धुळीनं माखलेल्या त्या चेंडूवर दोन हातांचे ओले ठसे उमटलेले लोकांनी पाहिले, असं म्हणतात.

शिट्टी झाली. करडेगाव जिंकलं. ताशे कडाडले, गुलाल उधळला आणि खेळाडूंना खांद्यावर घेऊन मिरवणूक राजवाड्याकडं गेली. दोर आणणारासुद्धा नाचत गेला, खांद्यावर तो दोर घेऊन. भिवानं लांबून बघितलं. पोराला केव्हाच वर काढलं असेल, एवढ्या गर्दीत कुठंतरी ते असणार, असं त्याला वाटलं. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "तान्हे, कप आला बघ. उद्यापासनं पोरगं आत बसणार." तिनं चुलीवर गुळाचा सांजा चढवला.

दिवेलागणीला राजेसाहेबांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "गोल राखणारा कुठाय?"

तेव्हा पोरांना आठवलं.

सगळे धावत सुटले. मशाली आल्या, दोर तर इतके आले की ठेवायला जागा नाही. आता रघोजी पाण्याचाच दोर धरून आत उतरला. त्यानं बुड्या मारल्या, आख्खा तळ हातांनी चाचपला. सटवा नव्हता. पाण्यावर लुगड्याच्या दोन पट्ट्या तरंगत होत्या. मग मोटा लावून आड उपसायला घेतला, पण पाणी बोटभरही उतरलं नाही, असं म्हणतात.

तान्हाई आली ती गर्दीतून थेट काठावर. तिला कुणी अडवलं नाही; अडवायला तोंड कुणाला होतं? तिनं रहाटाचा दोर दोन्ही हातांनी आत सोडला आणि हाक मारली, "सटवा, दोर सोडलाय रं. ये वर. खेळ संपला, बाळा." कितीतरी वेळ ती दोर धरून उभी होती. मग तिनं तो ओढून घेतला आणि घरी गेली. त्या घरातला सांजा कुणी खाल्ला नाही.

प्राचार्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या रांगेत बाक ठेवला. पुढच्या हंगामात रघोजी स्वतः गोलात उभा राहिला, चेंडू हातानं धरायला लागला आणि आंघोळ न करता घरी जायला लागला. बापानं त्याला वेगळं काढलं. करडेगावला पुन्हा कप मिळाला नाही.

आता संस्थान गेलं. घरोघरी नळ आले, या आडाचं पाणी कुणी भरत नाही. पण रहाटाला दोर असतोच. दर वर्षी गाव नवा दोर बांधतं. मैदानात उतरण्याआधी दोन्ही संघ इथं येतात, दोर आत सोडतात आणि ज्याला त्याला त्यावर हात ठेवावा लागतो, मग तो कुणाच्याही घरचा असो. मी तरुणपणी तो ओढलाय. वर येताना तो जड लागतो. भिजल्यामुळं असेल, मला नाही सांगता येत.

उठा आता. सगळ्यांनी धरा, नीट, दोन्ही हातांनी. कप्तान, तू हाक मार. मोठ्यानं मार, खाली ऐकू गेली पाहिजे. मग थांबायचं. पंच शिट्टी मारू दे, कितीही मारू दे, आपण थांबायचं. दोर हलायचा थांबला की वर ओढायचा, आणि तो रिकामा आहे हे सगळ्यांनी बघायचं. त्यानंतर खेळायला जा.